धाकट्याची शाळा पुढच्या वर्षी

जांबोटी, ता. खानापूर
मे 2026

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र पोचलं. ‘घाल की रे शाळेत, उगाच वर्ष का घालवतोस,’ असं तू लिहिलंयस. आईचंही तेच म्हणणं. पण आम्ही नवरा-बायकोनं ठरवलंय, धाकट्याला या जूनमध्ये एल.के.जी.त घालायचं नाही. का, ते तुला सविस्तर सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

नियमात तो बसतो. कर्नाटकात 1 जूनला पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणून एल.के.जी.ला चार. गेल्या वर्षी पालकांनी ओरड केल्यावर सरकारनं पहिलीसाठी 5 वर्षं 5 महिने चालवून घेतले, पण ते 2025-26 पुरतंच. आमच्याचा वाढदिवस मेच्या अखेरीस. म्हणजे चार पूर्ण झाले न झाले तोच पाठीवर दप्तर. वर्गात शेजारी बसणारा मुलगा त्याच्याहून जवळजवळ वर्षानं मोठा असणार, आणि चार वर्षांच्या पोराला वर्ष म्हणजे त्याचं पाव आयुष्य!

तुमच्या महाराष्ट्रात सहा पूर्ण व्हायला 31 डिसेंबर धरतात, म्हणून ऑगस्टमधली तुझी लेक सहा व्हायच्या आधीच या जूनला पहिलीत बसणार. चंदगडऐवजी इथं राहत असती तर अजून वर्षभर यू.के.जी.त असती. पोर तीच, हुशारीही तीच. तेव्हा तारखेपेक्षा पोराकडेच बघायचं, असं मी ठरवलं.

तो बोलतो भरपूर, कोंबड्यांना नावं देऊन हाका मारतो. पण शी लागली तर परक्या माणसाला सांगत नाही, धरून ठेवतो. चड्डीचं बटण जमत नाही. चार नवी माणसं दिसली की आजीच्या पदरामागे. एका शाळेत चौकशीला गेलो, तर तिथल्या बाईंनी आल्या आल्या त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि ‘ए’ काढायला सांगितलं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. अरे, ज्याला अजून भाकरीचा तुकडा धड मोडता येत नाही, त्याच्याकडून अक्षरं काढून घ्यायची एवढी घाई कशाला? पुढं पहिलीत मराठी, इंग्रजी आणि 2015 च्या कायद्यानं सक्तीचं झालेलं कन्नड, तिन्ही लिप्या आहेतच. आधी बोटांत बळ तर येऊ दे.

त्यात जूनचा आमच्याकडचा पाऊस. खानापूरपर्यंत व्हॅनमध्ये, रेनकोटसकट कोंबलेलं एवढंसं पोर डोळ्यांसमोर आलं की पोटात कालवतं.

‘वर्ष वाया’ हे तुझं बोलणं मात्र मनावर घेतलंय. मोबाइल देऊन घरी बसवला तर खरंच वाया जाईल. म्हणून तो रोज अंगणवाडीत जाणार. हाकेच्या अंतरावर आहे, सेविका ओळखीच्या, गाणी, जेवण, अंडं सगळं तिथंच. दोन-तीन पोरं घरी कन्नड बोलणारी आहेत. त्यांच्याबरोबर खेळून ‘बा’ (ये), ‘होगू’ (जा) त्यानं आत्ताच उचललंय. दुपारी आजीपाशी बसून शेंगा फोडायच्या, बटणं लावायची. घरात आजी आहे म्हणून हे जमतंय. दोघंही कामाला जाणाऱ्यांना एवढी मुभा कुठली?

काळजी एकच आहे. पुढच्या जूनला एल.के.जी.त घातला तर पहिलीत जाताना सात पूर्ण, आणि थोराड पोराला वर्गात चिडवतात. म्हणून तयारी दिसली तर थेट यू.के.जी. आणि सहा पूर्ण झाल्यावर पहिली. वयाचा फरक सुरुवातीला जास्त जाणवतो, वरच्या वर्गांत बराच कमी होतो, असं संशोधन सांगतं. म्हणजे यंदा घातला असता तरी तो बुडाला नसता, हे मला कबूल आहे. पण सगळ्यांत मागे आपणच, असं वाटून शाळाच नकोशी झाली तर? ती भीती मला त्या एका वर्षापेक्षा मोठी वाटते.

लेकीचं पहिलीचं कसं चाललंय, ते जुलैत सविस्तर लिही. घरी आल्यावर आपणहून दप्तर उघडते का, मोठ्या पोरींत मिसळते का, रात्री शाळेतलं काय काय सांगते, सगळं लिही. यू.के.जी.चं ठरवताना मला त्याचा उपयोग होईल.

वहिनींना नमस्कार, लेकीला खूप खूप गोड पापे.

तुझाच