तीन दिवस का लपवलंस?

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर "काही नाही गं आई, जरा थकलेय" म्हणालीस, पण मागच्या टेबलावर फाडलेलं पाकीट मला दिसलंच. 28 वर्षं जलसंजीवनीची पाकिटं वाटली मी, लांबूनही ओळखते. खोदून विचारलं तेव्हा कळलं, 3 दिवस जुलाब आहेत आणि तिथे पूर्व आफ्रिकेत तशीच शाळेत शिकवायला जातेस. "मदत करायला आले आणि इथल्या लोकांनाच माझं करावं लागायला नको," म्हणालीस.

बाळा, हेच मीही केलं होतं. नोकरीचं पहिलं वर्ष, लसीकरणाचा दिवस. अंगात ताप घेऊन 3 वाड्या चालले आणि चौथ्या वाडीत एका घराच्या ओट्यावर चक्कर येऊन पडले. पोरांना घेऊन आलेल्या बायांनीच मला पाणी पाजलं. लसीचा डबा आरोग्य केंद्रात पोचवायला दोन माणसं शेतातलं काम टाकून गेली, आणि त्या वाडीतली मुलं तशीच परत गेली. सकाळीच कळवलं असतं तर दुसरी कुणी आली असती. ते ओझं अजून माझ्या मनावरून उतरलेलं नाही.

तेव्हा उद्या शाळा नको. पाकिटं संपली तर 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या चमच्याने 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्यावरून सुरीची पाठ फिरव, अंदाजाने टाकू नकोस. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर ओतून दे. घोट घोट घे, उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा. रोज नवं कर.

मीठ-साखरेचं पाणी म्हणून हलक्यात घेऊ नकोस. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पटकीने (कॉलऱ्याने) माणसं पटापट जात होती आणि सलाईन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, ती चारच्याही खाली आली. आम्हाला प्रशिक्षणात हे शिकवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

जुलाब थांबवायची गोळी मनाने घेऊ नकोस. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर मुळीच नाही.

तिथल्या तुझ्या 'मामा' सकाळी उजी आणून देतात म्हणालीस. (तिथे आईला मामा म्हणतात हे ऐकून आजी कितीतरी वेळ नवल करत होती.) उलेझीची उजी म्हणजे आपली नाचणीची पेजच गं! नाचणी मुळात त्या पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतूनच आपल्याकडे आली. पोटभर घे, संकोच करू नकोस.

आता महत्त्वाचं. ताप नाही म्हणालीस, पण आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी. बोटाच्या टोकाचं थेंबभर रक्त लागतं, 15-20 मिनिटांत कळतं. एक दिवसाआड थंडी वाजून येईल, अशी वाट पाहू नकोस. तिकडे बहुतेक फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार असतो, तो वाट पाहत थांबत नाही. मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनची गोळी घेतेस, म्हणून ताप मलेरियाचा नसेल असंही धरू नकोस. ती गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घे आणि अर्धा तास आडवी होऊ नकोस. छातीत जळजळतं म्हणतेस ते कदाचित त्यानेच. परत आल्यावरही 4 आठवडे चालू ठेवायचीय.

दवाखान्यात वेळ देतील तेव्हा घड्याळ नीट विचारून घे. ते तास सकाळी 6 पासून मोजतात, म्हणून त्यांच्या स्वाहिलीतलं 'सा म्बिली', म्हणजे दोन, तुझ्या घड्याळात सकाळी 8 ला असतं.

आणि मामांना आजच सांग, बरं नाही म्हणून. कुणाला पाणी गरम करून द्यावं लागलं तर लागू दे. माझा नमस्कारही सांग.

लघवीचा रंग कसा आहे ते कळव, गडद असेल तर लपवू नकोस. तुझ्याकडे साडेचार वाजतात तेव्हा इकडे 7 होतात, दिवेलागण. फोन उशाशी नाही, हातात घेऊन बसणार आहे.

तुझी,
आई