मागच्या चाकाच्या सदोष बेअरिंगबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
दुचाकी सुटे भाग, ऑनलाइन विक्री विभाग

विषय: सदोष बेअरिंग परत घेण्यास दिलेल्या नकाराबाबत

महोदय,

माझ्या मोटरसायकलच्या मागच्या चाकासाठी आपल्याकडून ६३०१-२आरएस बेअरिंगची जोडी मागवली होती. याच ऑर्डरमधला स्कूटरचा बेल्ट उत्तम निघाला. त्यावर उत्पादकाचे नाव आणि पार्ट नंबर स्पष्ट छापलेला आहे. बेअरिंगवर मात्र काहीच नाही. नंबर फक्त डबीवर आहे. तिथेही ना उत्पादकाचा पत्ता, ना महिना-वर्ष.

या नंबरच्या बेअरिंगचे माप ठरलेले असते: आतून १२, बाहेरून ३७ आणि रुंदी १२ मिलिमीटर. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, ती बसवायची तर बाहेरच्या रिंगवर सॉकेट ठेवून ठोकावी लागते. आपली बेअरिंग नुसत्या अंगठ्याने आत गेली आणि चाक उलटे करताच बाहेर पडली. डिजिटल व्हर्निअरवर बाहेरचे माप ३६.८८ भरले.

‘चुकीच्या पद्धतीने बसवल्यामुळे खराब झाली, बसवलेला माल परत घेत नाही,’ असे आपल्या प्रतिनिधीने कळवले. ठोकावी न लागताच जी आत गेली, ती ठोकून खराब कशी होईल? हबची जागा झिजली असेल, असेही ते म्हणाले. पण जुनी बेअरिंग त्याच हबमधून ठोकूनच काढावी लागली होती.

ढिली बेअरिंग हबमध्ये फिरू लागली की ॲल्युमिनियमची जागा खाते आणि मग अख्खा हब बदलावा लागतो. चालत्या गाडीचे मागचे चाक डगमगले तर काय होईल, हे मी सांगायला नको. या गाडीवर मागे माझी मुलगी बसते. सगळेच काही माप घेऊन पाहत नाहीत. म्हणून पैसे परत द्याच, शिवाय या मालाची विक्री थांबवा आणि ज्यांनी तो घेतला आहे त्यांना कळवा.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. दोन्ही बेअरिंग डबीसह जपून ठेवल्या आहेत. आपला माणूस पाठवा, त्याच्यासमोर माप घेऊन दाखवतो.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, डबीचे आणि व्हर्निअरवरील मापाचे फोटो