मिथिलीन ब्लू न विकणाऱ्या दादास

दादा,

तुझं नाव मी कधी विचारलंच नाही. तू मला काकू म्हणायचास, मी तुला दादा. गेल्या महिन्यात तुमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात आले तर काउंटरवर दुसराच मुलगा होता. 'तो गावी गेला, आता नाही यायचा,' एवढंच म्हणाला. म्हणून हे पत्र असं उघड्यावर. डोंबिवलीत मासे पाळणारं कुणी तुझ्या ओळखीचं असेल तर त्याच्या हातून पोचेल.

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. ओली छत्री दाराशी टेकवून मी मिथिलीन ब्लूची, म्हणजे माशांच्या निळ्या औषधाची, बाटली मागितली. घरच्या एंजल माशाच्या शेपटीला रोग झालाय, असं ठाम ठरवूनच आले होते. तू बाटली काढायला हातसुद्धा वर केला नाहीस. 'फोटो आहे?' म्हणालास. मोबाइलवर फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसलास. 'पर सडले असते तर कडा पांढुरकी पडली असती, चिंध्या झाल्या असत्या. हा तर घास घेतलाय, काकू. बार्ब आहेत ना घरी? किती?'

मी म्हटलं, तीन.

'तीनच?' म्हणताना तू जे तोंड केलंस ते अजून आठवतं!

ज्या दुकानातून मासे आणले तिथे 'सगळे एकत्र राहतात' असं सांगून तीन टायगर बार्ब, दोन एंजल आणि एक लांब शेपटीचा गप्पी पिशव्यांत बांधून दिला होता. गप्पी आठवड्यात गेला. मी पाण्याला दोष दिला. बार्बना मात्र घरात 'गुंड' हेच नाव पडलं होतं, आणि ते तुला सांगितल्यावर तू चक्क त्यांची वकिली केलीस. टोळीतला मासा आहे हा, म्हणालास. आठ-दहा असले की आपसात पाठलाग करतात, कोण वरचढ ते त्यांचं तेच ठरवतात, त्यातच त्यांचा दिवस जातो. तिघांत तेवढं भागत नाही, मग समोर संथ हलणारी लांब झालर दिसली की तोडा लचका. बाटली ओतली असती तर शेपटी तशीच राहिली असती आणि फिल्टरमधले कामाचे जिवाणू मेले असते, हेही तेव्हाच सांगितलंस. बाटलीचे पैसे बुडाले तुझे.

मग कागदावर टाकीचा हिशेब मांडलास: ७५ × ३० × ३८ सेंटिमीटर, भागिले हजार, म्हणजे साधारण ८५ लिटर. एवढ्यात एक तर बार्ब, नाही तर एंजल. मी लगेच म्हटलं, बार्ब परत घे. तू मान हलवलीस. एंजल उंच वाढतात, ही टाकी त्यांना पुरायची नाही, आणि जोडी जमली की तेही कोपरा धरून दुसऱ्याला हाकलतात. नंतर मी वाचलं, बार्ब मूळचे सुमात्रा-बोर्निओकडचे, एंजल ॲमेझॉनचे. इतक्या लांबची पाहुणेमंडळी हॉलमध्ये आणून एका काचेत कोंडली ती मीच.

तर गुंड राहिले आणि सुंदऱ्या गेल्या. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. एंजलसाठी चार फुटी टाकीवाले काका तूच शोधून दिलेस, त्यांचा नंबरही दिलास.

नव्या पाच बार्बचं सगळं तू सांगितलंस तसंच केलं. आधी लाकूड, दगड, झाडं, सगळ्यांच्या जागा बदलल्या, म्हणजे जुन्या तिघांची हद्द मोडली. एक झुपकेदार रोप मधोमध लावलं, एका टोकाकडून दुसरं टोक दिसू नये म्हणून. दिवा बंद. पिशवी पाण्यावर वीस मिनिटं तरंगत ठेवली. पाचही एकदम सोडले, एकेक करून नाही. पहिले दोन दिवस नुसती पळापळ! मी घाबरून दुकानात धावत आले तेव्हा तू हसलास. 'खवले उडालेत? कुणी कोपऱ्यात दबून बसलंय? खाणं सोडलंय? नाही ना, मग खेळू द्या.' खाणं मात्र दोन्ही टोकांना टाका म्हणालास, एकट्या दांडगोबाला राखता येऊ नये. आणि दर रविवारी पाव टाकी पाणी बदलायचं. तेवढं अजून चुकलेलं नाही.

आता आठही जण धडधाकट आहेत. लाल नाकाचे दोन नर सकाळी समोरासमोर येऊन नाक खाली करतात, गोल फिरतात आणि दोन मिनिटांत विसरतात. आमचे हे चहाचा कप घेऊन तेच बघत बसतात. मासे आणू नका म्हणून सर्वांत जास्त आरडाओरडा यांनीच केला होता, ही गंमत तुला सांगायची राहिली.

त्या काकांनी गेल्या महिन्यात फोटो पाठवला. एंजलची शेपटी पूर्ण भरून आलीय. नवा आलेला भाग जरा पारदर्शक दिसतो, एवढंच. तो दाखवायलाच त्या दिवशी दुकानात आले होते. फोटो जपून ठेवलाय.

तुझी,
मिथिलीन ब्लूवाली काकू