शेवटच्या पंगतीची फुलं

प्लेन्सबरो, न्यू जर्सी
१७ ऑगस्ट

प्रिय मंजू,

परवा फोनवर तू विचारलंस, मागच्या अंगणात नुसतं गवत आहे, हमिंगबर्ड यावेत म्हणून काय लावू? मी इतका वेळ बोलले आणि तरी मुद्द्याचं राहूनच गेलं. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. लेकाला, अनिकेतला, हे वाचून दाखव, कारण खड्डे त्यालाच खणायचे आहेत. तुमच्या शार्लट शहरातली ती लाल चिकणमाती तुझ्या मनगटांना झेपायची नाही.

मुद्दा असा, की लावायचीच तर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत फुलणारी झाडं लाव. वसंतातल्या बहराची काळजी इथे सगळेच घेतात. एप्रिल-मेमध्ये नर्सरीबाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही. ऑगस्ट लागला की मात्र लोकांचं बागेवरचं मन उडतं. पाणी घालायचा कंटाळा येतो, पानं करपतात, आणि मग लॉनवाला येऊन सगळं छाटून साफ करून जातो. नेमके त्याच दिवसांत हे पक्षी दक्षिणेकडे निघालेले असतात. लग्नघरी शेवटच्या पंगतीला कधी कधी पातेली खरवडायची वेळ येते ना, तशी त्यांची गत होते. आणि या पंगतीला बसलेल्यांना सगळ्यांत लांब जायचं असतं.

किती लांब ते ऐक. अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करणारी हमिंगबर्डची जात एकच, रुबी-थ्रोटेड. एरवी त्याचं वजन जेमतेम ३ ग्रॅम. निघण्याआधी तो खाऊन खाऊन जवळजवळ दुप्पट होतो, आणि ती सगळी भर चरबीची. त्या चरबीच्या जोरावर त्यांच्यातले कित्येक जण मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. सुमारे ८०० किलोमीटर पाणी, १८ ते २२ तास सलग उड्डाण, मध्ये टेकायला एक फांदी नाही. काही जण टेक्सासच्या किनाऱ्याने वळसा घेऊन जातात. हिवाळा काढायचा तो दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंत कुठेतरी.

आणि ते थव्याने जात नाहीत, एकेकटे जातात. लाल गळ्याचे नर जुलैअखेर किंवा ऑगस्ट लागताच निघतात. मागून माद्या, आणि सगळ्यांत शेवटी यंदाची पिल्लं. जूनमध्ये अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू सप्टेंबरात एकट्याने वाटेला लागतं. वाट दाखवायला आई बरोबर नसते. बापाचा तर घरटं बांधण्यापासूनच कशात हात नसतो. कधी न पाहिलेल्या मुलखाकडे ते बरोबर जातं, आणि जगलं-वाचलं तर पुढच्या वर्षी परत येतं. पायात रिंग घातलेल्या पक्ष्यांवरून कळलंय, की पुष्कळसे त्याच बागेत परत येतात. सप्टेंबरात तुला जे दिसतील ते बहुतेक पांढऱ्या गळ्याचे असतील, माद्या आणि पिल्लं. लाल गळा दिसला नाही म्हणून हिरमुसू नकोस. माझा जीव तर या उशिरा निघणाऱ्यांवरच जास्त आहे.

तू म्हणालीस, कोथरूडच्या गॅलरीत जास्वंदीवर यायचे तेच ना हे? नाही गं. ते शिंजीर. हमिंगबर्ड अमेरिका खंडांखेरीज जगात कुठेच नाहीत, आणि नात्याने ते पाकोळ्यांना जवळचे. शिंजीर बहुधा फांदीला धरून फुलात चोच घालतो. हा हवेतच थांबतो, सेकंदाला पन्नासेक वेळा पंख हलवत. त्यामुळे ज्या फुलाला बसायला जागा नाही, जे लांब नळीचं आहे, हवेत लोंबतं, ते याच्या सोयीचं. त्यातून फूल लाल असलं तर मधमाश्यांना तो रंग नीट दिसत नाही, वास नसतो म्हणून त्या वासानेही येत नाहीत, आणि मध याच्यासाठी शिल्लक राहतो.

आता फुलं. पहिलं नाव कार्डिनल फ्लॉवरचं, आणि याच्यापाशी मी जरा रेंगाळणार आहे. तुमच्याकडचंच रानफूल आहे, ओढ्याकाठी वाढतं. कमरेएवढा सरळ दांडा, त्यावर खालून वर उमलत जाणारी गर्द लाल फुलं. जुलैअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत ती चालतात. एक फूल हातात धरून बघ. खाली तीन पाकळ्या, वर दोन अरुंद, आणि त्या दोघींच्या मधून वर येऊन पुढे वाकलेली एक नळी, तिचं टोक करडं आणि त्याला पांढऱ्या केसांचा झुबका. ती नळी म्हणजे एकत्र जुळलेले पुंकेसर. पक्ष्याने मधासाठी चोच आत घातली की तो झुबका बरोबर त्याच्या कपाळाला लागतो आणि परागकण डोक्यावर बसतात. काही दिवसांनी त्याच नळीतून स्त्रीकेसराचं टोक बाहेर येतं आणि दुसऱ्या फुलाकडून आलेले कण त्याच कपाळावरून टिपून घेतं. माझ्याकडे एक पिल्लू दिवसभर कपाळावर पिवळसर टिळा मिरवत फिरत होतं. मी स्वयंपाक अर्धा टाकून ते बघत उभी राहिले होते.

याला पाणी लागतं. तुझ्या घराच्या पन्हाळीचा पाइप जिथे रिकामा होतो, जिथे अनिकेत चिखल होतो म्हणून कुरकुरतो, तीच याची जागा. तुमच्या चिकणमातीत ओल टिकते ती इथे उपयोगी पडेल. दुपारी थोडी सावली मिळाली तर उत्तम. झाड दोन-चार वर्षांत संपतं, पण बी पाडून जातं, म्हणून दांडे वाळले तरी लगेच कापायचे नाहीत.

दुसरं ज्युएलवीड. हे ऐकून तुला बरं वाटेल, कारण हा आपल्या तेरड्याचा सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला. तसाच पाणीदार, आरपार दिसणारा दांडा, पिकलं बोंड बोट लागताच फुटून बिया उडवणारं. फूल नारिंगी, आत तांबूस ठिपके, मागे शेपटीगत वळलेलं नळकांडं, त्यात मध. अख्खं फूल एका बारीक देठावर लोंबतं आणि वाऱ्याने डुलतं. त्याचा भर असतो ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे पक्षी जायच्या ऐन दिवसांत, आणि पहिलं गोठलेलं दहिवर पडेपर्यंत ते फुलत राहतं. आमच्या अंगणाच्या खालच्या टोकाला पाणी साचतं तिथे ते आपोआप उगवलं, आणि मी ते ठेवलं. शेजारी त्याला तण म्हणतात.

गौरी येतात त्याच दिवसांत हे भरात असतं, मंजू! तुमच्याकडे तेरड्याची गौर असायची. मुळासकट उपटून, धुऊन, वाजतगाजत घरात आणलेली. इथे तेरडा मिळत नाही म्हणून मी ज्युएलवीडची दोन रोपं मुळासकट आणते, कारण नुसती फांदी तोडली तर बघता बघता माना टाकते. बाकीचं सगळं पक्ष्यांना ठेवते. तू यंदा करून बघ. तुझ्या सुनेलाही दाखव, तिला आवडेल.

ज्युएलवीड नर्सरीत मिळायचं नाही. साल्व्हिया मात्र मिळेल, आणि आत्ता, ऑगस्टात लावण्यासारखं तेच आहे. कुंडीत फुललेलं आण आणि जमिनीत लाव, संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक येईल. 'ब्लॅक अँड ब्लू' नावाचं घे. गडद निळं फूल, बुडाशी काळसर वाटी. लाल नाही म्हणून सोडू नकोस. माझ्याकडे त्यावरून भांडणं होतात इतकं ते त्यांना आवडतं. शार्लटच्या हिवाळ्यात ते जमिनीखाली जगतं, वसंतात पुन्हा फुटतं. आमच्याकडे थंडी जास्त, मला दर वर्षी नवीन आणावं लागतं, तेव्हा तुझा हेवा वाटतो. साल्व्हियातलंच दुसरं, पाईनॲपल सेज. पान चुरगळलं की खरंच अननसाचा वास येतो. मूळचं मेक्सिको आणि ग्वाटेमालाचं, दिवस लहान झाले की फुलतं, म्हणजे सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात. सगळं संपल्यावर येणाऱ्या पिल्लाला तेच उपयोगी पडतं. शिवाय साल्व्हियाच्या पानांना उग्र वास असतो, हरणं सहसा तोंड लावत नाहीत. कार्डिनल फ्लॉवर मात्र ती शेंड्यापासून खातात. तुमच्या मागे रान आहे, तेव्हा त्याला जाळी लागेल.

आणि तुझ्यासाठी खास, टर्क्स कॅप. आपल्याकडे बागांमधून ती कधीच न उमलणारी, मिटलेली लाल जास्वंद असते, तिचीच ही जवळची बहीण. तुमच्याकडे हिवाळ्यात वरून वाळते, पण मुळं टिकतात. सावलीतही फुलते, नोव्हेंबरपर्यंत थांबत नाही. जास्वंद नाही म्हणून तू हळहळतेस, तर ही लाव. कर्दळही चालते, ती तर तुला डोळे मिटून वाढवता येते.

वेलांचं थोडक्यात. कोरल हनीसकल जाळीवर चढव, वसंतात भरभरून आणि मग थंडीपर्यंत थोडं थोडं फुलतं. जपानी हनीसकल कुणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस, तो सुवासिक पांढरा-पिवळा वेल इथल्या रानांचा गळा घोटतो आहे. ट्रम्पेट क्रीपर पक्ष्यांना फार प्रिय, पण त्याची मुळं फुटवे काढत कुठवर जातील याचा नेम नाही. घराच्या भिंतीपासून लांबच बरा. भरगच्च दुहेरी पाकळ्यांची पेटुनिया वगैरे दिसायला छान, पण पक्ष्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

सगळी झाडं एका जागी लावू नका, हे अनिकेतला मुद्दाम सांग. एवढासा जीव, पण हद्दीसाठी फार भांडतो. एक जण ताटवा बळकावून बसतो आणि बाकीच्यांना हुसकावतो. घराच्या दोन-तीन बाजूंना थोडं थोडं लावलं तर त्याला सगळीकडे पहारा देता येत नाही, आणि दमूनभागून आलेल्यालाही खायला मिळतं.

फीडर टांगायचा तर खुशाल टांग. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बस. मध नको, गूळ नको, लाल रंग तर अजिबात नको. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं आणि फीडर घासून धुवायचा, नाहीतर ते आंबतं आणि बुरशी धरते. फीडर ठेवला तर पक्षी थांबून राहतील आणि थंडीत मरतील, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. दिवस लहान झाले की निघायची हुक्की त्यांच्या अंगातूनच येते, कितीही साखर असली तरी ते जातात. एकच लक्ष ठेव. या दिवसांत मोठे प्रार्थनाकीटक फीडरवर दबा धरून बसतात आणि पक्षी धरतात. हो, खरंच धरतात. दिसला तर काठीवर घेऊन लांब झुडपात सोड.

पण फीडरवर भागत नाही, कारण नुसत्या साखरेवर कुणी जगत नाही. हे पक्षी चिलटं, डास, बारीक कोळी खातात, पिल्लांना तर तेच भरवतात. घरटंसुद्धा कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेलं असतं. म्हणून लॉनवर औषध मारायला येतात त्यांना बंद करायला सांग. अनिकेतने डासांच्या फवारणीचं वर्षाचं पॅकेज घेतलंय म्हणालीस. मुलाच्या संसारात बोलावं की नाही, हा तुझा संकोच मला कळतो. पण हे बोल. एकीकडे फुलं लावून पक्ष्यांना बोलवायचं आणि दुसरीकडे त्याच झाडांवर औषध मारायचं, हे मला पटत नाही, त्यालाही पटणार नाही. डास होऊ नयेत म्हणून साचलेलं पाणी ओता, त्याने निम्मं काम होतं.

तर आत्ता साल्व्हियाच्या दोन कुंड्या आणि फीडर, एवढंच कर. कार्डिनल फ्लॉवर आणि हनीसकल ऑक्टोबरात लावा, तुमच्याकडे तेव्हा मुळं धरायला चांगला काळ असतो. टर्क्स कॅप मात्र एप्रिलमध्ये, थंडी पूर्ण सरल्यावर. पाकिटात लाल साल्व्हियाचं माझ्या घरचं बी ठेवलं आहे, तेही एप्रिलमध्येच पेर. जुलैपासून फुलेल. वाळलेले तुरे खुडत राहिलीस तर थंडीपर्यंत फुलत राहील.

बागेची, घराची, तुझ्या गुडघ्याची खबर कळव. अनिकेत आणि ऋताला आशीर्वाद.

तुझीच,
शैला

ता. क. कार्डिनल फ्लॉवरची पानं हिवाळ्यात जमिनीलगत हिरवी राहतात. त्यांच्यावर लाकडाच्या भुशाचा थर टाकू देऊ नकोस, उजेड मिळाला नाही तर कुजतात. आणि फीडर ऑक्टोबर संपल्यावरही एक राहू दे. रुबी-थ्रोटेड गेल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात तुमच्या कॅरोलायनात कधी कधी रूफस जातीचा तांबूस हमिंगबर्ड येतो, पार पश्चिमेकडचा, जो अलास्कापर्यंत घरटी करतो. आला तर फोटो काढ आणि रॅली शहरातल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाला कळव, तिथले लोक अशा हिवाळी पाहुण्यांना रिंग घालतात. त्याआधी मला फोन.