आजीजवळ रात्री थांबताना

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

आजपासून हॉस्पिटलमध्ये आजीजवळ रात्रीची पाळी तुझी. ऑफिस सुटल्यावर ऐरोलीहून वाशीची लोकल धर. पेशंटजवळ थांबायचा पास एकच आहे, तो हॉस्पिटलच्या खालच्या गेटवर तुझ्या हातात देऊन मी ठाण्याला निघेन. लोकलचे दांडे धरलेले हात आधी साबणाने धू, मगच आजीजवळ जा. खुब्याच्या ऑपरेशनची जखम अजून ओली आहे.

पोहोचलास की आधी तिचा चष्मा आणि कानाचं मशीन जागेवर आहे का ते बघ. ही दोन नसली की डॉक्टर काय म्हणाले ते तिला कळत नाही. ती नुसती मान हलवते आणि सगळ्यांना वाटतं, तिला समजलं. मशीनचा सेल संपला तर नवीन सेलचा स्टिकर काढून मिनिटभर तसाच ठेव, हवा लागल्यावर तो नीट चालतो. झोपताना मशीन काढून सेलचं झाकण उघडं ठेवायचं. कवळी मात्र कधीही पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळू नकोस. वॉर्डातल्या मावशी जेवणाचं ताट उचलतात आणि नॅपकिनबरोबर कवळीही कचऱ्यात जाते. डबीत पाणी घालून ठेव. डबीवर नाव आणि बेड नंबर लिहिला आहे.

भरवताना पलंगाची पाठ वर करून तिला बसतं कर, घास लहान दे, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नकोस. आडवेपणी भरवलं की अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. पाय किती दुमडायचा ते फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलं आहे, त्याच्या पलीकडे नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आजी पाणी कमी पिते, कारण बेडपॅन मागायची तिला लाज वाटते, आणि नातवासमोर तर ती तोंडही उघडणार नाही. पाणी कमी पडलं की लघवीत जंतुसंसर्ग होतो, पोट साफ होत नाही, डोकं गोंधळतं. म्हणून ती मागेल याची वाट बघू नकोस. ती जागी असेल तेव्हा दर दोन-अडीच तासांनी तूच मावशींना बोलाव, पडदा ओढ आणि बाहेर जाऊन उभा राहा. डॉक्टरांनी तिला पाण्याचं बंधन घातलेलं नाही; प्रत्येक वेळी अर्धा पेला दे, मात्र जास्त पाणी संध्याकाळपर्यंतच. लघवीची नळी आज सकाळीच काढली आहे. सहा तास उलटूनही लघवी झाली नाही किंवा ओटीपोट टणक लागलं, तर लगेच सिस्टरना सांग. बेडपॅन रिकामा करण्याआधी त्यांना मोजू दे, त्यांच्या तक्त्यात ते भरायचं असतं.

"दुखतंय का?" असं विचारलंस तर "बरं आहे" एवढंच उत्तर येईल. "कूस बदलताना दुखतं का? झोप मोडते का?" असं विचार. कूस दर दोन तासांनी बदलायची, पण ती सिस्टरबरोबर, दोन पायांमध्ये उशी ठेवून. त्याच वेळी माकडहाड आणि टाचा बघून घे. दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल, तर तिथे जखम व्हायला लागली आहे.

रात्री ती कदाचित भलतंच बोलेल, घरी चला म्हणेल, सलाईन ओढेल. वाद घालू नकोस. "आजी, मी निखिल. आपण वाशीला हॉस्पिटलमध्ये आहोत, पायाचं ऑपरेशन झालंय" एवढं शांतपणे सांग, पुन्हा पुन्हा सांगावं लागलं तरी. समोर घड्याळ लावलं आहे, छोटा दिवा चालू ठेव. "वय झालं, असं होतंच" असं कोणी म्हणालं तरी तू ऐकून सोडून देऊ नकोस. अचानक आलेल्या गोंधळामागे ताप, संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, तुंबलेली लघवी किंवा एखादं औषध असू शकतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना त्याच रात्री बोलवायला सांग. झोपेची गोळी स्वतःहून मागू नकोस, काही गोळ्यांनी गोंधळ वाढतो. आणि ती अगदी गप्प, गुंगीत पडून राहिली तरी तेही सांग. आरडाओरडा नसला की हा गोंधळ कोणाच्या लक्षातच येत नाही.

पलंगाचा कठडा वर ठेव, पलंग खाली आणि बेल तिच्या उजव्या हाताशी; डाव्या हाताला सलाईन आहे. पडण्याचे बरेच प्रकार बाथरूमला जायच्या घाईत होतात.

तिच्याबद्दल काही ठरत असेल तर ते तिला वगळून बोलू नका, ना तू, ना डॉक्टर. चहा आत्ता की नंतर, केस आधी विंचरायचे की तोंड आधी पुसायचं, हे तिला विचार. दिवसभर सगळं दुसऱ्यांच्या वेळेने होतं. एवढ्याशा गोष्टी तिच्या हातात राहिल्या तर तिला बरं वाटतं. मोबाईल खिशात ठेवून थोडा वेळ तिच्या समोर, तिच्या नजरेच्या उंचीवर बस.

ड्रॉवरमध्ये वही आहे. लघवी, शौच, ताप, किती खाल्लं, कधी गोंधळली ते वेळेसह लिही. सकाळच्या राउंडला डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: रक्त पातळ करायचं इंजेक्शन किती दिवस, वॉकरवर आज किती पावलं, आणि बद्धकोष्ठाचं औषध वाढवायचं का. उत्तरं वहीतच लिही, मी आठला येतो.

तुझा,
बाबा