तलावाला ट्रॅक नको, पाणपोईला पाणी द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईत धावायला जागा उरली नाही, तेव्हा पवईसारख्या तलावांभोवती जॉगिंग ट्रॅक बांधा, ही मागणी आपल्या पत्रांच्या सदरात अधूनमधून येत असते. परवा ती पुन्हा वाचली. सोबत परदेशातली जुनी गावं, तिथल्या तळ्याकाठच्या वाटा, तिथले पहाटे धावणारे लोक, असे दाखलेही होते. मी लालबागच्या चाळीत राहते, पन्नाशी कधीच मागे पडली, आणि रविवारी पहाटे धावते. (“काकू, कोण मागे लागलंय?” हा विनोद आमच्या नाक्यावर अजून जुना झालेला नाही.) धावणाऱ्यांच्या नावानं काही मागितलं जातंय म्हणजे त्यात मीही आले, म्हणून लिहिते. मला तो ट्रॅक नको आहे.

पवईत हा खेळ एकदा होऊन गेला आहे. काठावर सायकल आणि जॉगिंग ट्रॅक करायला पालिकेनं काम काढलं, जाळीच्या पेट्यांत दगड भरून ते कडेनं रचायला घेतले. दगडांतून पाणी झिरपतं, तलावाला काही होत नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. उच्च न्यायालयाला ते पटलं नाही. ६ मे २०२२ रोजी न्यायालयानं हे काम बेकायदा ठरवलं आणि टाकलेलं सगळं काढून काठ होता तसा करायला सांगितलं. पाणथळ जागांसाठी २०१७ चे नियम आहेत, तिथे असली बांधकामं चालत नाहीत. त्या तलावात मगरी आहेत. ऊन खायला त्या ज्या काठावर येतात, तोच काठ आपल्याला बूट आपटायला हवा आहे. पवई तलाव १८९१ चा. दर पावसाळ्यात तो भरून वाहू लागला की बातमी येते आणि बातमीच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते, की हे पाणी पिण्यायोग्य नाही. एवढा पैसा आणि उत्साह असेल तर तो जलपर्णी आणि सांडपाण्यावर खर्च व्हावा.

शिवाय वाटा नाहीत हे मला मान्यच नाही. मरीन ड्राइव्हवर गर्दी करणाऱ्यांनी एकदा आमच्याबरोबर यावं. आम्ही चिंचपोकळी, भायखळा करत जे.जे.च्या उड्डाणपुलाखालून दो टाकीला येतो, तिथून सीपी टँक, मग गिरगाव, गवालिया टँक आणि शेवटी वाळकेश्वर चढून बाणगंगा. दहाएक किलोमीटर होतात. नावं बघा, ही तळ्याकाठचीच वाट आहे, फक्त तळी नाहीत. दो टाकीच्या दोन्ही टाक्या गेल्या. सीपी टँक म्हणजे अठराव्या शतकात कावसजी पटेलांनी बांधलेलं तळं, तेही गेलं. फोर्टाच्या बाजूनं आलात तर धोबीतलाव लागतो. फ्रामजी कावसजींनी पदरचे पैसे घालून ज्याची डागडुजी केली, ते तळं आज रस्त्याखाली आहे. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळानं शहरात आलं, मग या तळ्यांची गरज संपली, पुढे हिवतापाची भीती आली आणि एकेक करून ती बुजवली गेली. त्या काळी ते बरोबरही असेल. माणसं मरत होती.

पहाटे साडेपाचला दो टाकीला हातगाड्या भरत असतात, पाववाले सायकलवर दोन्ही बाजूंना पोती लावून निघालेले असतात आणि आपल्याला वाट करून देतात. घड्याळातला पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागली ते, विसरायचा. पुढे भुलेश्वरच्या अंगानं पांजरापोळाकडे कडब्याचा वास येतो. खोताच्या वाडीत मात्र धावायचं नाही, चालायचं. लाकडी गॅलऱ्यांची घरं अगदी अंगावर आहेत, आत माणसं झोपलेली असतात, आणि आठ-दहा जणांच्या बुटांचा आवाज त्या गल्लीत फार होतो. गवालिया टँकला, जिथे ८ ऑगस्ट १९४२ ला ‘भारत छोडो’चा ठराव झाला, तिथे आम्ही थांबतो, कारण पुढे केम्प्स कॉर्नरची चढण आहे आणि गुडघ्यांशी आधी बोलून घ्यावं लागतं. फुटपाथवरून कुणीच धावत नाही. पेव्हर ब्लॉकनं ज्याचा घोटा मुरगळला नाही असा धावणारा मुंबईत शोधावा लागेल.

एवढी बुजलेली तळी ओलांडून बाणगंगेला खरं पाणी दिसतं. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि हे पाणी गोडं, जिवंत झऱ्याचं. तळं शिलाहारांच्या काळातलं, ११२७ चं मानतात. शेजारचं वाळकेश्वराचं देऊळ १७१५ मध्ये रामा कामतांनी पुन्हा उभारलं. चारी बाजूंच्या पायऱ्या, दीपस्तंभ, बदकं. जून २०२४ मध्ये गाळ काढायला म्हणून याच पायऱ्यांवरून यंत्र खाली उतरवलं गेलं आणि पायऱ्यांचे दगड फुटले. बातम्या झाल्या, गुन्हा दाखल झाला. हेतू साफसफाईचाच होता. म्हणून तर मला पाण्याच्या काठी ‘सुशोभीकरण’ म्हटलं की धडकी भरते.

आता माझी मागणी. धावणाऱ्याला ट्रॅक लागत नाही, पाणी लागतं. मुंबईच्या दमट हवेत डिसेंबर-जानेवारी सोडला तर पाचव्या किलोमीटरलाच बनियन पिळून काढावा अशी गत होते, आणि अर्ध्या तासात तोंडावर मीठ साचतं. सकाळी सहाला दुकानं बंद. मग प्रत्येकजण प्लास्टिकची बाटली घेऊन निघतो आणि ती कुठे टाकतो ते सांगत नाही. ज्या रस्त्यांवरून आम्ही धावतो, त्याच रस्त्यांवर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लोकांनी पाण्याची सोय करून ठेवली आहे. मांडवीच्या भातबाजारात केशवजी नायकांची १८७६ ची पाणपोई, वर घड्याळाचा मनोरा. फोर्टात रतनसी मुळजी जेठांचं १८९४ चं कारंजं, एकुलत्या एका मुलाच्या आठवणीसाठी बांधलेलं. व्हीटी स्टेशनचे वास्तुविशारद स्टीव्हन्स यांनीच त्याचा आराखडा केला. जीपीओजवळ कोठारींची पाणपोई, तीही मुलीच्या स्मरणार्थ. कापसाचे, धान्याचे व्यापारी होते ते, घरातलं माणूस गेलं की रस्त्यावर पाणी ठेवत. काही पाणपोयांना खाली जनावरांसाठी हौदही आहेत. आणि ही रीत त्यांच्याही फार आधीची. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंत धावणारे बरेच आहेत. वरच्या लेण्यांजवळ कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी बघून या, कुणी दान दिलं ते तिथे ब्राह्मी अक्षरांत कोरलेलं आहे.

गेल्या काही वर्षांत जुन्या पाणपोया दुरुस्त झाल्या, हे चांगलं काम झालं. दगड धुतला गेला, दिवे लागले, पाट्या लागल्या. पण माझ्या वाटेवरच्या एका छान दुरुस्त झालेल्या पाणपोईला नळच नाही. चौकशीला गेले तर एका खिडकीवर सांगितलं, “ही हेरिटेजवाल्यांची.” त्यांच्याकडे गेले तर ते म्हणाले, “दगड आमचा, पाणी आमचं नाही.” मी मुकाट घरी आले. तिथल्या हमालांना, भाजीवाल्या बायांना, रात्रपाळी संपवून निघालेल्या वॉचमनना विचारा, त्यांनाही तिथे पाणी हवंच आहे. किंबहुना त्यांना आधी हवं आहे. आमच्यासारखे आठवड्यातून एकदा येतात.

तेव्हा पालिकेनं असं करावं. तलावांच्या काठाला हात लावू नये, तिथे आहे त्या रस्त्यानं लोक धावतील. शहरातल्या दुरुस्त केलेल्या पाणपोयांपैकी निदान दो टाकी ते वाळकेश्वर आणि जीपीओ ते धोबीतलाव या पट्ट्यातल्या पाणपोयांना पिण्याच्या पाण्याची जोडणी द्यावी, पहाटे पाच ते रात्री दहा पाणी सुरू ठेवावं, टाकी कधी धुतली त्याची तारीख बाहेर लिहावी. त्याच वाटेवरची स्वच्छतागृहं रविवारी सकाळी उघडी हवीत. बायकांनी लांब धावायचं नाही असं ठरलेलं नसेल, तर यावर जास्त लिहायला नको. जानेवारीतल्या मॅरेथॉनला रस्ते एका रात्रीत चकाचक होतात आणि थोड्या-थोड्या अंतरावर पाण्याची टेबलं लागतात, म्हणजे अशक्य काहीच नाही.

एक व्यवहाराचं: तोट्या पितळी बसवू नयेत, रातोरात जातात. साध्या, दाबल्यावर सुटणाऱ्या चालतील.

आपली नियमित वाचक,
लालबाग, मुंबई