पिवळं फूल दिसलं की लगेच 'व्हर्जिनियानम' कसं काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या रानफुलांचे फोटो छापलेत, मस्त आहेत, पण एका फोटोखाली अगदी ठामपणे लिहिलंय 'रानजवस, लायनम व्हर्जिनियानम' आणि फोटो बघावा तर वरून घेतलेलं एकच फूल, पाच पिवळ्या पाकळ्या आणि मागचं सगळं ब्लर. यावरून जात कशी काय ठरवली बुवा? मी चिडून लिहीत नाहीये, कारण हीच चूक मी स्वतः सलग दोन उन्हाळे केलीय.

आपल्याला जवस म्हटलं की निळं फूल आठवतं, तो शेतातला. पण लायनम वंशात, म्हणजे जवसाच्याच वंशात, पिवळ्या फुलांच्या जाती ढीगभर आहेत, नुसत्या अमेरिकेच्या पूर्व भागातच व्हर्जिनियानम, मीडियम, स्ट्रायेटम, सल्केटम, फ्लोरिडानम, इंटरकर्सम अशी सगळी भावंडं आहेत आणि सगळ्यांची फुलं साधारण सेंटिमीटरभर रुंद, लिंबासारखी पिवळी, सकाळी उमलणार आणि दुपार झाली की पाकळ्या गळणार, नुसतं बोट लागलं तरी गळतात. म्हणजे आपण ज्याचा फोटो काढतो तोच भाग ओळखायला सगळ्यात कमी कामाचा!

बघायचं असतं ते फुलाच्या खाली. पाकळ्यांच्या मागे पाच हिरवी निदलं असतात, दोन बाहेरची, तीन आतली, आणि त्या आतल्या तीन निदलांच्या कडा दहापट भिंगाखाली धरल्या की मीडियममध्ये बारीक बारीक दाते दिसतात, प्रत्येक दात्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी इवलीशी ग्रंथी. व्हर्जिनियानममध्ये हे दाते एकतर अगदी थोडे नाहीतर नाहीतच. बस, एवढ्याशा गोष्टीवर सगळा खेळ आहे आणि ती मोबाईलवर कितीही झूम केलं तरी नीट येत नाही, किमान माझ्या तरी येत नाही.

तिकडे अमेरिकेत मुलीकडे असताना मी रोज सकाळी फिरायला जायचो आणि वाटेतल्या मोकळ्या माळावर ही झाडं असायची, फोटोवरून झाडं ओळखणाऱ्या अ‍ॅपने सांगितलं व्हर्जिनियानम, मी वहीत लिहिलं व्हर्जिनियानम, पुढच्या वर्षी परत तेच. मग तिसऱ्या खेपेला उशिरा गेलो, फुलं संपलेली, वाळक्या काड्या उभ्या, आणि त्या काड्यांवर गोल चपटी बोंडं तशीच धरून बसलेली, हलवली तरी पडेनात. तिथे माझी ट्यूब पेटली, कारण व्हर्जिनियानमची बोंडं पिकली की पटापट फुटून तुकडे तुकडे होऊन खाली पडतात, मीडियमची बराच काळ झाडावरच राहतात. मग फांद्या बघितल्या, ताठ, वरच्या दिशेने गेलेल्या, व्हर्जिनियानमच्या त्यामानाने पसरट असतात. पानं खाली अगदी बुडाशी काही समोरासमोर, बाकी सगळी एकाआड एक. म्हणजे दोन वर्षांच्या नोंदी चुकीच्या, वहीत खाडाखोड करत बसलो.

स्ट्रायेटम त्यातल्या त्यात सोपा, तो ओल्या जागेत, ओहोळाच्या नाहीतर दलदलीच्या कडेला मिळतो, पानं पातळ आणि खोडावर बऱ्याच उंचीपर्यंत समोरासमोर, आणि पानाच्या बुडापासून खाली उतरणारे बारीक कंगोरे खोडावर बोटाला चक्क जाणवतात. सल्केटम वर्षायू आहे, म्हणजे मुळाशी मागच्या वर्षीचं वाळकं खोड शोधून सापडणार नाही, पण त्याची खरी खूण पानाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना असलेल्या काळपट ग्रंथी, ठिपक्यासारख्या. आणि त्याचे दाते फक्त आतल्या नाही तर पाचही निदलांवर असतात. शिवाय फुलाच्या मधले पाच किंजल, म्हणजे मादी भागाच्या बारीक दांड्या, खालच्या बाजूला एकमेकांना चिकटलेले, तर व्हर्जिनियानम आणि मीडियममध्ये ते बुडापासून सुटे. पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांवरच्या रिजिडममध्ये ते जवळजवळ टोकापर्यंत जोडलेले असतात. फ्लोरिडानम आणि इंटरकर्समसाठी बोंडाचा आकार बघावा लागतो, चपटं नसून उभट असतं, त्या दोघांबद्दल मी जास्त बोलत नाही कारण ताजी रोपं मी हातात घेतलेली नाहीत. हे सगळं माझ्या डोक्यातून आलेलं नाही हं, रॉजर्स नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या जवसकुळावर मोठा अभ्यास छापलाय, त्यात बोंडं आणि निदलं यांच्यावरच भर आहे, फुलाच्या रंगावर नाही.

अजून एक, त्याच पानावर खाली 'पिवळा जवस' म्हणून दुसरा फोटो आहे तो तर लायनमसुद्धा नाहीये! रुंद पानांचं झुडूप, फूल चांगलं मोठं, ते राइनवार्टिया, ज्याला उत्तराखंडात फ्योंली म्हणतात. कूळ तेच म्हणून चुलतभाऊ म्हणा हवं तर, पण राइनवार्टियात किंजल बहुतेक तीन असतात आणि लायनममध्ये पाच, फोटोत तीन स्पष्ट मोजता येतात, मी तीनदा मोजले.

तर विनंती अशी की पहिल्या फोटोची कॅप्शन 'लायनम, जात नक्की नाही' अशी करा, त्यात कमीपणा काहीच नाही. वाचकांना फोटो मागवताना एवढंच सांगा की एक फोटो फुलाचा, एक बाजूने निदलांचा, एक बोंडांचा आणि एक खोडाच्या खालच्या भागाचा पाठवा, रोप उपटू नका, एखादं सुटं बोंड पुरतं. आणि ज्यांनी हे फोटो काढलेत त्यांच्याकडे त्या दिवसाचे बाजूने घेतलेले अजून असतील तर मला बघायला आवडेल, कदाचित तो खरंच व्हर्जिनियानम निघेलही, मग मी परत पत्र लिहून कान पकडेन.

आपला,
एक नियमित वाचक